“किती वाजले होते, बाळा?”

सात वर्षांच्या मुलीला कोर्टात विचारलेला हा प्रश्न. तोही घटनेनंतर दोन वर्षांनी. ती म्हणते, “शाळेतून आल्यावर.” पोलिसांच्या जबाबात मात्र ‘सायंकाळी पाचच्या सुमारास’ असं असतं. तो पाच तिचा नव्हेच, लिहून घेणाऱ्याचा. पण उलटतपासणीत विसंगती तिच्या नावावर जमा होते. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत मुलांना आधार देणारी सपोर्ट पर्सन म्हणून त्यांच्यासोबत बसते तेव्हा हे ऐकून दर वेळी पोटात खड्डा पडतो.

लहान मुलांच्या साक्षीला कोर्टात किंमत नसते, असं पालक मला सांगतात. तसं नाही. साक्षीदाराला किमान वयाची अट आपल्या पुराव्याच्या कायद्यात १८७२ पासूनच नाही. मुलाला प्रश्न कळतो का आणि त्याला नीट उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीश पाहतात. साक्ष विश्वासार्ह वाटली तर केवळ तिच्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात म्हटलंय. पढवलेलं बोलतंय का, ही शंका न्यायाधीशांनी घ्यायलाच हवी. आरोपीचंही आयुष्य पणाला लागलेलं असतं. पण ती तपासायची कशावरून? मूल स्वतःच्या शब्दांत सांगतंय का, यावरून. तारखा आणि वेळा किती चोख आठवतात, यावरून नाही.

आणि आपण भांडतो कशासाठी, तर शिक्षा वाढवा म्हणून. २०१९ मध्ये वाढवलीही. सोळाखालच्या मुलावरच्या बलात्कारासारख्या अत्याचाराला आता किमान वीस वर्षं. आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला. तो घरातलाच, त्यातून कमावता असेल, तर वीस वर्षं ऐकून दबाव मुलावरच येतो: “नाही म्हण, काका आत जाईल.” मूल फितूर होतं म्हणजे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

शिक्षा कडक, म्हणून पुरावाही जास्त कडक हवा, हा तर्क २०२१ च्या जानेवारीत नागपूर खंडपीठाच्या ‘स्किन टू स्किन’ निकालात होता. बारा वर्षांच्या मुलीचं प्रकरण. त्वचेला त्वचेचा स्पर्श नसेल, हात कपड्यांवरून लावला असेल, तर तो पॉक्सोखालचा लैंगिक अत्याचार नाही, असं त्यात म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबरमध्ये तो निकाल फिरवला, हे फार बरं झालं. तरी तसा विचार एका निकालापुरता असेल, असं मला वाटत नाही.

मुलाची साक्ष गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवायची, असं पॉक्सोचं कलम ३५ सांगतं. उलटतपासणीचे प्रश्नही वकिलांनी न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे, हे कलम ३३. सगळं कागदावर आहे हो! फाशीच्या मागणीसाठी रस्त्यावर येणाऱ्यांनी एकदा या तीस दिवसांसाठीही यावं.

आणि कलम २६ म्हणतं, शक्य असेल तिथे मुलाचा जबाब ऑडिओ-व्हिडिओवरही नोंदवा. ते ‘शक्य असेल तिथे’ काढून टाका, एवढी माझी मागणी आहे. म्हणजे ‘पाच’ कोण म्हणालं, ते कोर्टाला ऐकू येईल.