‘खेळातल्या कला रस्त्यावर चालत नाहीत’? जरा तपासू या

एक मजकूर वरचेवर फिरत असतो. सार असं: बॉक्सिंग, ज्युदो, कुस्ती हे नियमांचे खेळ, खऱ्या मारामारीत निकामी. खरी कला ती, जी डोळ्यात बोट, गळ्यावर वार आणि जांघेत लाथ शिकवते. सैन्य तेच शिकवतं, त्याला ताकद लागत नाही. आणि वर हेही, की ९० टक्के मारामाऱ्या जमिनीवरच संपतात. तसं असेल तर जमिनीवर लोळणाऱ्या कुस्तीलाच निकामी का म्हणायचं, हे मजकूर सांगत नाही.

‘नियमांमुळे खेळाडूचे हात बांधले जातात.’ हे ऐकताक्षणी पटतं, म्हणून कुणी तपासत नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या हातघाईच्या जुन्या जपानी कलेतले घातक डाव त्यांनी मुक्त सरावातून काढले आणि ‘काता’ म्हणजे ठरावीक हालचालींच्या सरावात ठेवले. कला बोथट झाली असं वाटेल, पण झालं उलटंच. घातक डाव वगळल्यामुळेच शिष्यांना रोज, पूर्ण जोर लावून, मनापासून विरोध करणाऱ्या माणसाला फेकता येऊ लागलं. त्याच दशकात टोकियो पोलिसांच्या सामन्यांत कोदोकानचे लोक जुन्या परंपरांतल्या कसलेल्या लढवय्यांना भारी पडले.

जोडीदाराच्या डोळ्यात खरंखुरं बोट घालण्याचा सराव करता येत नाही. तो हवेत होतो, किंवा गुमान उभ्या राहिलेल्या जोडीदारासमोर. समोरचा मान फिरवतो, हात झटकतो, अंगावर चालून येतो, तेव्हा काय करायचं हे त्यातून कधीच कळत नाही. उलट ज्याला अंतर, तोल आणि पकड कळते, त्यानं वेळ आल्यावर डोळ्यात बोट घालायचं ठरवलं तर त्याला कोणता नियम अडवणार आहे?

‘डोळा किंवा जांघ सापडली की लढत संपली.’ याची परीक्षा होऊन गेली आहे. १९९५ मध्ये टोकियोत ‘वाले तुडो जपान’ या मोजक्याच नियमांच्या स्पर्धेत युकी नकाई या जपानी लढवय्याची लढत गेरार्ड गोर्दो या कितीतरी अवजड प्रतिस्पर्ध्याशी होती. गोर्दोनं नियम मोडून त्याच्या डोळ्यात अंगठा खुपसला. नकाईची उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. तरी त्यानं गोर्दोचा पाय पकडून, टाच पिळून लढत जिंकली, त्याच दिवशी पुढचीही जिंकली आणि अंतिम फेरीत रिक्सन ग्रेसी या नामांकित ब्राझिलियन लढवय्यासमोर उभा राहिला. इजा भयंकर होती, पण तिनं माणूस थांबला नाही. जांघेचंही तेच. यूएफसी या अमेरिकेतल्या मिश्र लढतींच्या स्पर्धेत सुरुवातीच्या काळात काही वेळा जांघेवर मारायला बंदी नव्हती. १९९४ च्या चौथ्या स्पर्धेत किथ हॅकनीनं खाली पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या जांघेत ठोशांमागून ठोसे हाणले. त्या बिचाऱ्यानं हार मानली ती त्यानंतर, गळा आवळला गेल्यावर.

नियमांवरचा आक्षेप मात्र सगळाच टाकाऊ नाही. मजकुरात नसलेली, पण खरी उणीव अशी: बॉक्सरचा हात पट्ट्या आणि ग्लोव्हजमध्ये वाढलेला असतो. उघड्या मुठीनं कवटीवर मारलं की करंगळीमागचं हाड मोडणं ही इतकी नेहमीची दुखापत आहे की डॉक्टर तिला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. १९८८ मध्ये खुद्द माइक टायसननं न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावरच्या भांडणात उजवा हात मोडून घेतला. गुडघा टेकवून पायात शिरणारा पैलवानही मॅटऐवजी काँक्रीटवर तेच करेल तर रडेल. पण यावर उपाय म्हणजे सवयींत थोडा बदल: तळहातानं मारणं, उभ्यानं पकडणं. त्यासाठी सगळी कला मोडीत काढायचं कारण नाही.

‘सैन्य तेच शिकवतं.’ क्राव मागा या इस्रायली सैन्याच्या हातघाईच्या पद्धतीचे जनक इमी लिख्टेनफेल्ड स्वतः कुस्तीगीर आणि बॉक्सर होते. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात (आताच्या स्लोव्हाकियात) ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी लढताना त्यांच्या अंगात तेच खेळ होते. अमेरिकी लष्करानं १९९५ मध्ये रेंजर तुकडीत आपली हातघाईची पद्धत नव्यानं बांधायला घेतली, ती ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे ज्युदोतून निघालेल्या, जमिनीवरच्या पकडींच्या कलेच्या पायावर, म्हणजे पुन्हा एका खेळाच्याच. शिवाय सैनिकाजवळ शस्त्र असतं आणि जवळपास साथीदार असतात. आपल्याकडे दोन्ही नसतं.

‘ताकद लागत नाही.’ मग स्पर्धांत वजनी गट कशाला? नकाईसारखे लोक वजनावर मात करतात ते कौशल्यातली दरी मोठी असते तेव्हा. ती दरी पडायला वर्षं लागतात.

‘९० टक्के मारामाऱ्या जमिनीवर.’ हा आकडा बहुधा लॉस एंजेलिस पोलिसांच्या १९८० च्या दशकातल्या नोंदींशी जोडला जातो. त्या नोंदी अटकेच्या प्रसंगांच्या होत्या, आणि बेड्या घालायला माणसाला खाली पाडणं हे पोलिसाचं कामच. सामान्य माणसानं मुद्दाम खाली जाणं मूर्खपणाचं, कारण समोरच्याचा मित्र मोकळा असतो आणि त्याच्या पायात बूट असतात. खाली पडलोच तर पटकन उठता यावं, एवढ्यासाठी जमिनीवरचा सराव हवा.

मग निवडायचं काय? वर्गात जाऊन शेवटची पंधरा मिनिटं बघा. कोणी कोणाला खरा विरोध करत असेल, डाव फसत असतील, वरच्या दर्जाचा पट्टा बांधलेला जुना विद्यार्थीसुद्धा अधूनमधून पडत असेल, तर शैलीचं नाव काही का असेना. एकच सुचवायचं तर मी आधी ज्युदो किंवा कुस्ती म्हणेन. पकडलेल्या माणसाचा तोल त्यातून हाताला कळतो, आणि ज्युदोत तर पडायचं कसं हे पहिल्या दिवसापासून घोटून घेतात. मारामारीत माणसं दगावतात ती अनेकदा ठोशानं नव्हे, पडताना डोकं फरशीवर आपटून. त्यानंतर बॉक्सिंग, मुख्यतः चेहऱ्याकडे येणारा ठोसा डोळे मिटून न घेता बघता यावा म्हणून.