क्वाड 33 च्या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू पाहिला. तक्रारी दोन: आमच्याकडून सर्व्हिसिंग करून नेलेल्या क्वाड 33 प्रीअँपचा (मुख्य अँप्लिफायरच्या आधी लागणारा, इनपुट निवडायचा आणि आवाज कमीजास्त करायचा डबा) डावा चॅनल पंधरा दिवसांत खरखरायला लागला, आणि व्हॉल्यूम जरा फिरवला की घर दणाणतं. शिवाय 'पैसे घेऊन नुसतं पुसून दिलं' हा शेरा.

पहिली तक्रार सोळा आणे खरी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदललेत (काढलेले पिशवीत घालून दिलेत, मोजून घ्या). पण रेडिओच्या बटणाच्या आतल्या कंटॅक्टवर मी नुसता क्लीनर मारला. बटण दोनदा दाबलं की आवाज परत येतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे दोष तिथंच असणार. तो स्विच उघडून साफ करायला अर्धा दिवस जातो, तो मी वाचवला. चूक माझी. पुन्हा करून देतो, पैसे नाहीत.

दुसऱ्या तक्रारीत मात्र मी सेटची बाजू घेणार. हा 1967 चा सेट. सीडी बाजारात यायला तेव्हा 15 वर्षं होती! त्याच्या रेडिओ इनपुटला 100 मिलिव्होल्ट पुरतात, त्या काळच्या ट्यूनरच्या हिशेबाने. तुम्ही तिथं डॅक (डिजिटल गाण्याचं अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा) लावलाय, तो 2 व्होल्ट देतो. 20 पट. मग शेजारी दार वाजवणारच.

'आतलं सर्किट बदलून आवाज कमी करा' असं फोनवर म्हणालात, ते मी करणार नाही. मूळ कार्ड इतकी वर्षं टिकलंय, त्याला डाग कशाला? डॅकच्या केबलमध्येच चॅनलमागे दोन रेझिस्टर घालतो. 2 व्होल्टचे 200 मिलिव्होल्ट होतील आणि नॉब निवांत फिरवता येईल. पुण्यात पासोड्या विठोबापाशी हे रेझिस्टर चहापेक्षा स्वस्त मिळतात, त्याचे काय घ्यायचे! सेट देतानाच 'घरी काय जोडणार' हे विचारायला हवं होतं, तेही राहिलं.

आणि हो, तुमच्या फोटोत 7 के चं (7 किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज कापणारं) फिल्टर बटण दाबलेलं दिसतंय. ते घासलेल्या रेकॉर्डसाठी असतं. कॅन्सल दाबा, झांजा परत ऐकू येतील.

मंगळवार सोडून कधीही या, अकरानंतर. 33 आणि डॅकची केबल तेवढी आणा. 303 (जोडीचा पॉवर अँप्लिफायर) घरीच राहू द्या, आमचा जिना अरुंद आहे.