पनीरवरची चिठ्ठी

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहायला आल्यावर पनीरच्या पाकिटावर 'नॉट फॉर ईयू' (युरोपीय संघासाठी नाही) छापलेलं पाहिलं आणि थेट नाशिककडचं निफाड आठवलं.

2010 साली मामांची द्राक्षं युरोपात अडकली. प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेला, नमुना तपासलेला, सगळं रीतसर. फक्त त्या तपासणीच्या यादीत क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन नव्हतं, आणि तिकडच्या प्रयोगशाळेला नेमकं तेच सापडलं. "नियम कसला, माल अडवायचं निमित्त आहे," हे मामांचं मत तेव्हापासून पक्कं. बरीच वर्षं मीही माना डोलावल्या.

पनीरवरची चिठ्ठी ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याची. उत्तर आयर्लंडमध्ये बऱ्याच बाबतीत युरोपचेच अन्ननियम चालतात, उरलेल्या ब्रिटनमध्ये नाहीत. म्हणून एकाच देशातलं पनीर समुद्र ओलांडून इकडे येताना लेबल लावून येतं. हा घोळ निस्तरायला 19 मे 2025 रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाचा आराखडा ठरला: अन्न आणि पशु-वनस्पती आरोग्याचे युरोपचे नियम ब्रिटनने पाळायचे, ते बदलले की आपलेही बदलायचे, युरोपीय कायद्याच्या अर्थाबद्दल शेवटचा शब्द युरोपच्या न्यायालयाचा. बदल्यात सीमेवरचे बहुतेक दाखले आणि तपासण्या जाणार. नियम ठरताना ब्रिटनचं म्हणणं ऐकून घेतील, पण मत नाही. त्याच दिवशी युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात 2038 पर्यंत मासेमारीची मुभाही देऊन झाली.

इथे त्यावर 'शरणागती'ची ओरड झाली. ती निम्मी खरी आहे. 2020 च्या जानेवारीपर्यंत हेच नियम ठरवायला ब्रिटनचा मंत्री मत द्यायला बसायचा. ती खुर्ची यांनी स्वतःहून सोडली. निफाडला ती कधी मिळालीच नव्हती. तरी माल विकायचा तर गिऱ्हाइकाची यादी पाळावी लागते, हे द्राक्षवाला पंधरा वर्षांपूर्वी शिकला, लंडन आता शिकतंय. (फी मात्र दोघांनीही जबर भरली.)

मामांशी माझं भांडण वेगळंच आहे. निर्यातीच्या प्लॉटचा नमुना खुड्याआधी लॅबला जातो. शेजारच्याच लोकलच्या, म्हणजे इथल्या बाजाराच्या, प्लॉटचा आजवर एकदाही कुणी नेलेला नाही, आणि घरात नातवंडं खातात ती तिथलीच. परवा फोनवर हे काढलं तर म्हणाले, "लोकलला कोण विचारतं रे? तिथं नुसता भाव बघतात." मग यंदा किलोला काय मिळाला, ते सांगत बसले.