एकशे दहा मंडळांची वर्गणी

टाइमशीटमध्ये मी अकरा तास लिहिले होते. काल मॅनेजरने त्याचे दोन केले. "इन्स्टॉलेशनच होतं ना रे? त्याला असे किती लागणार!" असं हसून म्हणाला. हसून म्हणाला याचाच जास्त राग आहे.

आठ महिने मागून मागून मला नवा लॅपटॉप मिळाला होता. त्यावर ग्राहकाचा 2021 सालचा जुना प्रोजेक्ट उतरवून चालू करायचा, बास. दोन फोल्डर. एक सर्व्हरचा, एक फ्रंटएंडचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाचा. दोन्हीकडे 'एनपीएम इन्स्टॉल' टाइप करायचं, एंटर दाबायचं, चहा घ्यायचा. प्रोजेक्टाला लागणारी, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची तयार पॅकेजं हे एनपीएम आपोआप उतरवून घेतं. शनिवारी सकाळी सातलाच बसलो, म्हणजे नवापर्यंत मोकळा.

पण घरी अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मुक्काम आमच्याकडे. नव्या भिंगातून इतकं लख्ख दिसायला लागलंय, की समोर येईल ते मोठ्याने वाचतात. बिस्किटाच्या पुड्यावरचं मैद्याचं प्रमाण, गॅसच्या नळीवरची तारीख, माझ्या बनियनवरचं धुण्याचं सूचनापत्र. त्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या डाव्या खांद्यामागे बसले.

सर्व्हरचा फोल्डर मुकाट्याने झाला. शेवटी नेहमीच्या दोन ओळी उमटल्या.

"वन हंड्रेड टेन पॅकेजेस आर लुकिंग फॉर फंडिंग," अप्पांनी वाचलं. "फंडिंग म्हणजे पैसेच ना?"

"हो अप्पा."

"कोण मागतंय?"

"ही पॅकेजं ज्यांनी लिहिली ते. फुकट वापरायला देतात, म्हणून जमलं तर काहीतरी द्या म्हणतात."

"म्हणजे वर्गणी."

"तसंच म्हणा."

"एकशे दहा मंडळं?" काळा गॉगल कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही किती फाडलीत पावती?"

"नाही फाडली."

"ऑफिसने?"

"त्यांनीही नाही."

"वापरता मात्र रोज."

मी फ्रंटएंडच्या फोल्डरात गेलो, एंटर दाबलं, आणि पडदा लाल झाला.

"बघा," अप्पा म्हणाले. "अडवलं."

वर्गणीचा आणि याचा काही संबंध नाही, हे मी त्यांना पंचवीस मिनिटं समजावलं. एका लायब्ररीला, म्हणजे अशाच एका पॅकेजला, रिॲक्ट नावाच्या दुसऱ्या पॅकेजची 16 वी आवृत्ती हवी, प्रोजेक्टात आहे 17 वी. पूर्वीचं एनपीएम नुसतं कुरकुरायचं आणि पुढे जायचं. सातव्या आवृत्तीपासून ते हटून बसतं. "मग सोळा नंबरचं बसवा की," अप्पा म्हणाले. ते बसवलं तर दुसऱ्या तीन लायब्ऱ्या रुसतात. "मंडळांमंडळांत भांडणं असतातच," ते म्हणाले. म्हणजे वर्गणीचा मुद्दा त्यांनी सोडलाच नव्हता.

खाली एनपीएमने उपाय सुचवला होता. जबरदस्ती करा, नाहीतर जुनी रीत वापरा, आणि 'चुकीचं (व कदाचित मोडकं)' उत्तर पत्करा. हे शब्द माझे नाहीत, ते इंग्रजीत खरंच असं लिहितं.

"असं लिहून आम्ही गाडी डेपोत पाठवली असती तर? ब्रेक बसवलाय, चुकीचा व कदाचित मोडका? त्याच दिवशी सस्पेंड!"

मी जुनी रीत वापरली. रिॲक्टचं भांडण मिटलं आणि नोड-सॅस मधे आडवं पडलं. पानाची रंगरंगोटी करणारं हे पॅकेज त्याच्या कर्त्यांनीच कधीचं निकालात काढलंय. पण आमच्या प्रोजेक्टात ते आहे आणि ग्राहक बदलू देत नाही. त्याला बसायला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा हवी होती. माझ्याकडे पायथन 3.12 होतं, तर म्हणे हे चालत नाही, पायथन 2 द्या. पायथन 2 ला 1 जानेवारी 2020 रोजी अधिकृत निरोप दिलाय हो! तेही शोधून घातलं. मग म्हणे सी प्लस प्लस या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा, कुठाय? तो उतरवायचा म्हणजे काही जीबी. एक बटण निळं दिसावं म्हणून. मी शहाणासुरता माणूस, घराचे हप्ते भरतो, आणि दुपारी दोन वाजता गार पोहे खात निळ्या बटणासाठी कंपायलर उतरवत होतो.

मधल्या काळात अप्पांना गप्प करावं म्हणून मी लेफ्ट-पॅडची गोष्ट सांगितली. मार्च 2016 मध्ये एका माणसाचा पॅकेजच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. त्याने रागाने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात एक होतं जेमतेम अकरा ओळींचं, अक्षरांच्या डावीकडे जागा भरणारं. तेवढ्यावर जगभरातले प्रोजेक्ट धडाधड पडले. काही तासांत ते परत आणावं लागलं.

"त्याला तरी कुणी वर्गणी दिली होती का?" अप्पांनी विचारलं.

मला वाटतं नसावी. पण मी तसं म्हटलं नाही.

रविवार असाच गेला. सोमवारी इंटर्न म्हणाली, "दादा, माझ्याकडे तर चालतंय." या वाक्यावर कायद्याने बंदी हवी. तरी तिचा लॅपटॉप उघडून पाहिला. तो माझाच जुना लॅपटॉप, नवा आला म्हणून तिच्या गळ्यात मारलेला. त्यावर नोड, म्हणजे हा सगळा कोड ज्याच्यावर चालतो ते, 14 व्या आवृत्तीचं. त्याच्यासोबत सहावं एनपीएम येतं, ते नुसतं कुरकुरतं. नोड-सॅसचा तयार माल त्या आवृत्तीसाठी आयता मिळतो, त्यामुळे पायथन नको, कंपायलर नको. मी नव्या लॅपटॉपवर नोड 14 घातलं. चार मिनिटं लागली. मीटिंगमध्ये मॅनेजरने तिचं अभिनंदन केलं, माझ्यासमोर.

टाइमशीटमध्ये रकाने आहेत. डेव्हलपमेंट, टेस्टिंग, मीटिंग, अगदी वाढदिवसाच्या केकचासुद्धा 'टीम ॲक्टिव्हिटी' म्हणून. लाल अक्षरांकडे बघत बसण्याचा रकाना नाही. कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस बसलेलाच दिसतो. बसलेलाच असतो हो, पण आठ महिने मागून घेतलेला लॅपटॉप खिडकीतून टाकायचा नाही म्हणून बसलेला असतो.

रात्री अप्पा बाल्कनीत माझ्या मेहुणीशी फोनवर बोलत होते. कानाला मशीन असल्यामुळे ते सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं बोलतात.

"हो, घरीच होते दोन्ही दिवस. नाही गं, काम असं काही नाही, नुसते पडद्याकडे बघत होते... नोकरी आहे, आहे. फक्त वर्गणी थकलीय म्हणे. एकशे दहा मंडळांची."