गजाननाचं एस९ आणि शेखभाईंचा मीटर

काल वसमत रोडच्या टपरीवर गजाननानं सगळ्यांसमोर मोबाईल फिरवला. जुनं अँटमायनर एस९, म्हणजे बिटकॉइनचं मायनिंग करायचं (आकडेमोड करून नवी नाणी मिळवायचं) मशीन, जुन्या स्कूटीपेक्षा स्वस्त. "घरबसल्या बिटकॉइन निघतं म्हणायलेत. घेऊ का?"

शेखभाई आमचे वायरमन. त्यांनी किंमत विचारलीच नाही. "वॅट किती?"

"तेराशे."

"म्हंजे रोजचे एकतीस युनिट. महिन्याला सव्वानऊशेच्या वर. पाचशेच्या पुढचा स्लॅब ठाऊक हाय का?"

"सोलर बसवायलो की! तीन किलोवॅट. 78 हजार सबसिडी हाय."

"त्यातून कडक उन्हात बारा-तेरा युनिट निघतील. बाकीचे अठरा कुठून आणायलास? अन् घरातला कूलर?"

सुनीलनं मधेच कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर मायनिंग करायचा विषय काढला. तो तिथंच मिटला. अशा कार्डांवर निघायचं ते इथेरियम, बिटकॉइनसारखंच दुसरं चलन. 15 सप्टेंबर 2022 ला त्यानं मायनिंगच बंद केलं, तेव्हापासून घरच्या कार्डात राम उरला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की वेगाच्या आकड्याला भुलू नका, एका टेराहॅशला, म्हणजे एक लाख कोटी आकडेमोडींना, मशीन किती जूल वीज खातं ते विचारा. 2016 चं एस९ जवळपास 98 खातं, नवं एस२१ साडेसतरा. एप्रिल 2024 च्या हाल्विंगनंतर (तेव्हा बक्षीस निम्मं झालं) एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, 3.125 बिटकॉइन मिळतात, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला साधारण साडेचारशे. त्यात वाटा मागायला गोदामंच्या गोदामं भरून नवी मशीनं उभी आहेत. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी एस९ दिवसाला तीनशे दहाची वीज खाणार, आणि हातात शंभराची नोटही पडायची नाही.

"मग एस२१च घेतो," गजानन इरेला पेटला.

"साडेतीन हजार वॅट, म्हंजे पंधरा अँपिअर. सोळाच्या सॉकेटवर रात्रंदिवस, त्यात परभणीचा मे महिना. पिन सॉकेटातच चिकटून बसंल." शेखभाईंनी पाना खिशात घातला. "अन् आवाज? घरात पिठाची गिरणी चालू ठेवल्यागत. वहिनी मशीन ठेवू देईल का तुला?"

टॅक्सचं मी सांगितलं. नफ्यावर 30 टक्के, वर विजेचं बिल त्यातून वजा होत नाही. (यावर सुनीलनं सरकारला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.)

हौसच असेल तर बिटॅक्स नावाचं छोटं मायनिंग मशीन घ्यावं. तळहाताएवढा बोर्ड, एकच चिप, वायफायवर चालतो, पाच व्होल्टचा अडॅप्टर. गॅमा मॉडेल पंधरा-वीस वॅटमध्ये सेकंदाला सव्वा टेराहॅशच्या आसपास देतं. दिवसाला अर्धा युनिटही नाही. एकट्यानं ब्लॉक लागायचा म्हटलं तर हिशोब हजारो वर्षांचा, म्हणजे लॉटरीच. पण पूल (मिळून मायनिंग करणाऱ्यांचा गट), हॅशरेट (आकडेमोडीचा वेग), चिपचं तापमान सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. फक्त चिपवरचा छोटा पंखा धुळीनं भरू द्यायचा नाही. आपल्याकडं ते दर आठवड्याचं काम.

"लागला ब्लॉक तर?" गजानन.

"तर माझी मजुरी आत्ताच ठरव," शेखभाई म्हणाले. "अडॅप्टर खोचायचे दहा टक्के."

गजानन पाचावर अडून बसलाय.