घोरणं थांबलं, श्वासाचं काय?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "घोरण्यावर रामबाण! ऑनलाइन मिळणारी ट्रे गरम पाण्यात बुडवा, चावा, रात्री तोंडात घाला. घोरणं बंद म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया बरा. टेस्ट नको, मशीन नको, साइड इफेक्ट शून्य. आजी-आजोबांनाही चालते." मी कोथरूडमध्ये दातांची डॉक्टर आहे, अशी उपकरणं बनवून देते, त्यामुळे हा मेसेज मला सारखा कुणीतरी पाठवतं. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो लोकांच्या गळी उतरतो.

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. खालचा जबडा थोडा पुढे धरला की जीभही पुढे येते आणि घशाची वाट मोकळी राहते. उपकरणाचं काम एवढंच. सौम्य आणि मध्यम अ‍ॅप्नियात त्याचा चांगला उपयोग होतो.

"घोरणं बंद म्हणजे अ‍ॅप्निया बरा." मेसेज घसरतो तो इथे. घोरणं म्हणजे अरुंद वाटेतून हवा जाताना होणारा आवाज. वाट पूर्ण मिटली की आवाज येणार कुठून? घरच्यांना विचारा: घोरता घोरता माणूस एकदम गप्प होतो, मग दचकून मोठा श्वास घेतो. खरा धोका त्या गप्प होण्यात आहे. ट्रेने आवाज कमी होऊनही श्वास अडकणं चालूच राहू शकतं. फक्त आता शेजारी झोपणाऱ्यालाही ते कळत नाही. 10 सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणं किंवा बराच कमी होणं तासाला किती वेळा होतं, हे मोजतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा कानाने कळत नाही.

म्हणून "टेस्ट नको" हेही बाद. अनेकांची ती आता घरच्या अंथरुणातच होते: बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाशी नळी. उपकरण नीट बसलं की ते घालून पुन्हा एकदा. जो पहाटे एक्स्प्रेसवेने मुंबईला गाडी हाकतो आणि लोणावळ्यापर्यंतच पेंगायला लागतो, त्याने तर अजिबात टाळू नये.

आता "मशीन नको". हे मशीन म्हणजे सीपॅप: मास्कमधून दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं. ते 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पुढे आणलं. आकडा खाली आणण्यात ते आमच्या उपकरणापेक्षा सरस आहे, आणि हे उपकरण विकणारीच सांगतेय. पण मास्क लावून झोप न येणारे पुष्कळ असतात, आणि माळ्यावर ठेवलेलं मशीन कुणाचा श्वास चालू ठेवत नाही. अशांसाठी आमचं उपकरण आहे, मात्र दातांचं माप घेऊन बनवलेलं. त्यात जबडा किती पुढे न्यायचा ते थोडं थोडं वाढवता येतं. उकळून चावायच्या ट्रेत बहुधा पहिल्या रात्री जे बसलं तेच कायम.

"साइड इफेक्ट शून्य" वाचलं की मला सिंहगड रोडचे एक काका आठवतात. ऑनलाइन ट्रे वर्षभर घालून आले. तक्रार काय, तर पोळी नीट चावली जात नाही. दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगितलं. पुढच्या दातांवर निळे ठिपके उमटले, दाढा कोऱ्या. दाढा एकमेकींना टेकतच नव्हत्या! माप घेऊन केलेल्या उपकरणानेही दात हळूहळू सरकू शकतात, जबड्याचा सांधा दुखू शकतो, सकाळी चावा बदललेला वाटतो. फरक इतकाच की आम्ही दर काही महिन्यांनी बोलावून ते बघतो आणि वेळीच आवरतो.

राहता राहिले आजी-आजोबा. ही ट्रे दातांना धरून बसते. रात्री कवळी वाटीत काढून ठेवणाऱ्यांच्या तोंडात ती धरणार कशाला? त्यांच्यासाठी जीभ पुढे धरून ठेवणारं वेगळं उपकरण असतं, पण तेही आधी टेस्ट करूनच.