ओरखडा पुंगळीवर, आरोप चेंबरवर

रायफल वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: "पुंगळीवर उभे ओरखडे दिसले म्हणजे चेंबर खराब झालंय. असं काडतूस झाडू नका, फुटेल. चेंबर आणि फीड रॅम्प आरशासारखे पॉलिश करून घ्या आणि चेंबरला तेलाचा हात द्या." (पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी आवरण, चेंबर म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, फीड रॅम्प म्हणजे काडतूस चेंबरमध्ये चढवणारा उतार.) चार विधानं आहेत. पहिलं बहुतेक वेळा चूक, दुसरं अर्धवट, तिसरं महागात पडणारं आणि चौथं सरळ धोक्याचं.

आधी चेंबरचं बघू. न झाडलेलं काडतूस चेंबरमध्ये थोडं सैलच बसतं, नाहीतर ते आत जाणारच नाही. त्यामुळे न झाडलेल्या काडतुसावरच्या चऱ्याबद्दल चेंबरच्या भिंतीवर संशय घेण्याआधी वाटेतल्या धारदार कडा तपासायच्या: मॅगझिनचे ओठ (काडतुसं धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा), चेंबरच्या तोंडाची कडा, बोल्टची (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाची) खालची बाजू. बोल्ट मागेपुढे होताना मॅगझिनमधल्या वरच्या काडतुसाच्या पाठीवरून घासत जातो. म्हणून काही वेळा चरा पडतो तो चेंबरमध्ये गेलेल्या काडतुसावर नाही, तर त्याच्या खाली वाट बघणाऱ्यावर.

चेंबरचा दोष ओळखायचा तर झाडलेली पुंगळी बघा. दाबाने पितळ फुगून भिंतीला चिकटतं आणि भिंतीचा ठसा घेतं. भिंतीत खाच असेल, तर पितळावर उंचवटा उमटतो. नख फिरवल्यावर रेघ वर आलेली लागली तर चेंबरकडे बघा, खोल गेलेली लागली तर आधी दुसरीकडे शोधा. आडव्या बारीक रिंगा म्हणजे रीमरच्या (चेंबर कोरणाऱ्या हत्याराच्या) खुणा. हेकलर अँड कॉख जी३ सारख्या रायफलीत चेंबरला मुद्दामच उभ्या खाचा असतात. तिच्या पुंगळीवरच्या उभ्या काळ्या पट्ट्या हा दोष नाही.

चरा कुठे पडतो हे अंदाजाने ठरवू नका. जिवंत काडतूस यासाठी अजिबात वापरायचं नाही. प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारू नसलेली डमी घ्या, रायफल रिकामी असल्याची खात्री करा. डमीला सगळीकडून मार्कर फासा आणि बुडाला वरची बाजू दाखवणारी खूण करा. आधी डमी हातानेच चेंबरमध्ये सोडा आणि बॅरल उभी करून बाहेर पाडा. शाई शाबूत असेल तर हा चरा चेंबरच्या भिंतीचा नाही. मग मॅगझिनमधून बोल्टने आत ढकला, पण बाहेर काढताना बोल्ट अगदी सावकाश ओढा. शेवटी नेहमीच्या जोरात. प्रत्येक वेळी शाई नव्याने लावा. दुहेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये एकाआड एक काडतुसावरच चरा येत असेल, तर एका बाजूचा ओठ दोषी. त्या ओठावरून कापसाचा बोळा फिरवा. बर (धातूची बारीक धारदार उचललेली कडा) असेल तिथे तंतू अडकतात. हातभरणीची (झाडलेल्या पुंगळ्या स्वतः पुन्हा भरलेली) काडतुसं असतील तर रायफलीला हात लावण्याआधी रिसायझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) तपासा. डायमध्ये चिकटलेला पितळाचा कण प्रत्येक पुंगळीवर उभी रेघ ओढतो.

बाहेर पडतानाची कथा निराळी आहे. रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत पुंगळी बाहेर फेकणारा स्प्रिंगवरचा इजेक्टर बुडाला सतत एका बाजूने रेटतो, त्यामुळे पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (तिला ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) बाजूला कलते आणि तिकडची भिंत घासत बाहेर येते. एकाच बाजूची घासट असेल तर कारण बहुधा हेच. तोंड चेपलेलं असेल तर पुंगळी रिसीव्हरच्या (बोल्ट सरकतो त्या सांगाड्याच्या) कडेवर किंवा स्कोपच्या टरेटवर (नेम जुळवायच्या बटणावर) आदळते आहे. बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा आणि सोबत बोल्ट उचलायला जड, हे मात्र जास्त दाबाचं लक्षण. ते ओरखड्यात मोजू नका.

"फुटेल" या भीतीत तथ्य किती? नख न अडकणारी वरवरची रेघ निरुपद्रवी असते. काडतूस बाद करायचं ते भेग असेल तर, नख अडकेल इतका खोल चरा असेल तर, किंवा गोळी आत दबली असेल तर. गोळी दबली की जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून डमी चेंबरमध्ये घालण्याआधी आणि काढल्यावर व्हर्नियरने तिची पूर्ण लांबी मोजा. झाडलेल्या पुंगळीवर बुडाच्या जरा वर गोल फिरलेली चकाकती रेघ दिसली, तर पितळ तिथे ताणून पातळ झालेलं असू शकतं. ती पुन्हा भरायची नाही.

आता पॉलिश. काढलेला धातू परत येत नाही. रॅम्पचा कोन बदलला की आज नीट चालणारं फीडिंग उद्या अडकायला लागतं. चेंबर एकीकडे जास्त घासला गेला तर तो गोल राहत नाही आणि मग बॅरल बदलण्यापर्यंत वेळ येते. लागतं ते फक्त सापडलेल्या कडेवरची बर बारीक दगडाने मोडणं. चेंबरच्या तोंडाचं काम असेल तर तेही गनस्मिथच्याच हातून.

तेलाचं थोडक्यात: झाडताना पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहते आणि काही भार तिथेच पेलला जातो. तेलकट भिंतीवर ती पकड सुटते आणि तो भार बोल्टवर येतो. साफसफाईनंतर चेंबर कोरड्या चिंधीने पुसूनच वापरायचा.